पातेऱ्यातलं नत्र झाडापर्यंत पोचतं कसं?

माघ-फाल्गुनात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांभोवती निळसर धूर रेंगाळू लागला की राब भाजायला सुरुवात झाली असं समजावं. ऐन-किंजळाची तोडून वाळवलेली कवळं, पातेरा, गवत, शेण असा सगळा थर भाताच्या तरव्याच्या जागेवर पसरायचा आणि पेटवून द्यायचा. जूनमध्ये त्याच वाफ्यावर रोपं तरारून वर येतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ साली या राबपद्धतीवर शास्त्रीय निबंध लिहिला. त्याआधी तीनच वर्षं, १९०९ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी माती तापवली की तिच्यात अमोनिया वाढतो हे मोजून दाखवलं होतं. राबाच्या आचेनं मातीतलं थोडं नत्र असंच मोकळं होतं. वर जळणाऱ्या पाल्यातलं नत्र मात्र धुरावाटे निघून जातं. मागे उरलेल्या राखेत पालाश, चुना, स्फुरद सापडतं; नत्र जवळजवळ नसतंच.

पानात अडकलेलं नत्र सोडवण्याचा हा माणसाचा उपाय झाला. पलीकडच्या देवराईत आग लावायची सोय नाही, युरियाची गोणी तिथे जात नाही आणि काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा रिवाज. तरी तिथले बेहडे आणि सातविणी वर्षानुवर्षं पोसल्या जातात. खाली पडलेल्या पानातलं नत्र पुन्हा झाडात चढतं कसं, आणि त्यात मुळांवरच्या बुरशीचा वाटा किती, या प्रश्नावर सुमारे एकशे चाळीस वर्षं संशोधन चालू आहे. त्यातलं बहुतेक संशोधन पाइनच्या थंड जंगलांत झालं. कोकणाच्या तांबड्या मातीला त्यातलं काय लागू पडतं, हे त्यामुळे जरा जपूनच ठरवावं लागतं.

शाळेतलं नत्रचक्र आठवून पाहावं. पानं कुजतात, जिवाणू प्रथिनांचं अमोनियम करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मुळं ते शोषून घेतात. यात चूक काही नाही. पण मातीतल्या एकूण नत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय स्वरूपात असतं, म्हणजे प्रथिनं, अमिनो आम्लं, बुरशी आणि किड्यांच्या कवचातलं कायटिन अशा रूपांत. झाड फक्त शेवटच्या पायरीवर, नायट्रेटची वाट पाहत बसलं, तर त्याला दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली जिवाणूंची: त्यांनाही नत्र हवंच असतं आणि ते संख्येनं अफाट असतात. दुसरी पावसाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहून जातं, आणि कातळावरच्या हातभर मातीत पाणी फार वेळ थांबतही नाही.

त्यात पानांचा स्वभाव वेगळाच. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा ही कोकणच्या जंगलातली नेहमीची मंडळी एकाच कुळातली, आणि टॅनिननं भरलेली. मुंबई बंदरातून परदेशी गेलेला हिरडा चामडं कमावण्यासाठीच जात असे. टॅनिन प्रथिनाला धरून ठेवतं, म्हणून कमावलेलं चामडं कुजत नाही. गळून पडणाऱ्या पानातही तेच घडतं, प्रथिनं टॅनिनमध्ये कमावली जातात आणि जिवाणूंना सहजासहजी फोडता येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या खुरट्या पाइनच्या जंगलावर नॉर्थअप आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक धाडसी मत मांडलं. निकृष्ट जमिनीवरची झाडं पानांतलं टॅनिन वाढवून नत्राला नायट्रेट होण्यापासून रोखतात, असं त्यांचं म्हणणं. नत्र सेंद्रिय रूपातच अडकून राहिलं की ते उचलण्याची ज्याची तयारी, त्याचा फायदा. झाडाची तयारी म्हणजे मुळांवरची बुरशी.

या बुरशीची गोष्ट जर्मनीत सुरू झाली. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी भूमिगत अळंबी पिकवायची होती, म्हणून आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांना अभ्यासाला लावलं. ट्रफलची शेती काही त्यांच्या हातून झाली नाही, पण ओक आणि बीचच्या मुळांच्या टोकांवर बुरशीचं पायमोज्यासारखं वेष्टण असतं आणि ती मुळं निरोगी असतात, हे त्यांनी पाहिलं. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला मायकोरायझा म्हटलं. बुरशी कुजलेल्या थरातलं नत्र झाडाला पुरवते, हेही त्यांनीच सुचवलं. रॉबर्ट हार्टिग यांच्यासारख्या वनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी बुरशी म्हणजे रोगच. फ्रांक यांनी १८९४ मध्ये पाइनची रोपं निर्जंतुक आणि साध्या अशा दोन्ही मातींत वाढवून दाखवली, आणि बुरशी असलेली रोपं सरस ठरली.

सेंद्रिय नत्र खरोखर बुरशीतूनच जातं याचा थेट पुरावा यायला १९५३ उजाडलं. स्वीडनमध्ये एलियास मेलिन आणि निल्सन यांनी ग्लुटामिक आम्लात नत्राचा जड समस्थानिक, नत्र-१५, घालून ते बुरशीच्या तंतूंना दिलं. ते पाइनच्या रोपात पोचलं. पुढे शेफील्डला डेव्हिड रीड आणि अबुझिनादा यांनी १९८६ मध्ये रोपांना नत्राचा स्रोत म्हणून केवळ प्रथिनं दिली. बुरशी नसलेल्या रोपांना त्याचा उपयोग करता आला नाही, बुरशीवाल्यांना आला. प्रयोगशाळेपुरता प्रश्न सुटल्यासारखा झाला.

प्रत्यक्ष जंगलात काय? १९९८ मध्ये उमेओच्या टोरग्नी नेशोल्म यांच्या गटानं स्वीडनच्या जंगलात ग्लायसिन हे अमिनो आम्ल मातीत सोडलं. त्यातल्या नत्रावर आणि कार्बनवर, दोन्हींवर खूण होती. दोन्ही खुणा एकाच प्रमाणात मुळांत मिळाल्या तर आम्ल न मोडता आत गेलं असं धरायचं. पाइन आणि स्प्रूसनी ग्लायसिनमधून घेतलेल्या नत्रापैकी किमान ४२ टक्के असं अख्ख्या रूपात घेतलं होतं. रानटी बिलबेरीच्या झुडपात हा आकडा ९१ वर गेला. पाठ्यपुस्तकं बदलायला हवीत असा सूर मग लागला. त्यावर डेव्हिड जोन्स आणि सहकाऱ्यांनी पाणी ओतलं. अमिनो आम्लं मातीत जेमतेम काही तास टिकतात, जिवाणू ती झाडाच्या आधी गिळतात, आणि खुणेचा कार्बन श्वसनातून बाहेर पडून मुळांत पुन्हा शिरू शकतो. तेव्हा आकडे जपून वाचावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो रास्त आहे. झाड अमिनो आम्ल घेऊ शकतं की नाही यावर आज वाद नाही. वाद आहे तो वर्षभराच्या हिशेबात त्यातून किती मिळतं, यावर.

या सगळ्या गोष्टीतली बुरशी बाह्य मायकोरायझा प्रकारची, म्हणजे मुळाला बाहेरून वेष्टण घालणारी. तिचे पूर्वज लाकूड आणि पालापाचोळा कुजवणारेच होते. झाडाकडून आयती साखर मिळू लागल्यावर तिनं कुजवण्याची बरीचशी हत्यारं टाकून दिली, हे २००८ मध्ये लॅकेरिया बायकलर या अळंबीच्या जनुकसंचावरून आणि २०१५ मध्ये कोहलर यांच्या गटानं अनेक बुरशींची तुलना करून दाखवलं. सगळी हत्यारं मात्र गेली नाहीत. पॅक्सिलस नावाची बुरशी लोह आणि हायड्रोजन परॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून सेंद्रिय पदार्थ फोडते आणि त्यातलं नत्र काढून घेते. कॉर्टिनेरियसच्या काही जातींनी पेरॉक्सिडेजची जुनी विकरं सांभाळून ठेवली आहेत. कार्बनसाठी नव्हे, नत्रासाठी केलेली ही तोडफोड आहे.

नत्र काढून घेतल्यावर मागे उरलेला थर कुजवणाऱ्या बाकीच्या जिवांना बेचव होतो. न्यूझीलंडच्या रोटोरुआत रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे पहिल्यांदा मांडलं (आडनाव वाचून रत्नागिरीकरांचे कान टवकारले तर नवल नाही). पाइनच्या बागेत त्यांनी काही ठिकाणी चर खणून मुळं तोडली. मुळं आणि त्यांची बुरशी गेल्यावर तिथला पालापाचोळा हळू कुजेल अशी कुणाचीही अपेक्षा असती. तो उलट लवकर कुजला. हा ‘गाडगीळ परिणाम’ आजही वादात आहे, सगळ्या जंगलांत तो दिसत नाही. पण २०१४ मध्ये एव्हरिल, टर्नर आणि फिन्झी यांनी जगभरची आकडेवारी लावून पाहिली, तेव्हा बाह्य मायकोरायझाच्या जंगलांत नत्राच्या तेवढ्याच साठ्यामागे मातीत इतर ठिकाणांच्या १.७ पट कार्बन आढळला. मुळावरची बुरशी नत्र कसं उचलते, याला हवामानाच्या हिशेबातही जागा मिळाली ती इथून.

एक खोच इथेच सांगायला हवी. बुरशी म्हणजे झाडाची पगारी हमाल नव्हे. नेशोल्म यांच्याच गटानं २०१३ मध्ये दाखवलं की नत्राची टंचाई असलेल्या जमिनीत बुरशी मिळालेलं नत्र स्वतःच्या तंतूंत दाबून ठेवते, आणि टंचाई आणखी वाढवते. झाडं एकमेकांना बुरशीच्या जाळ्यातून खाऊ पाठवतात वगैरे गोड गोष्टी गेल्या काही वर्षांत फार खपल्या. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि दोन सहकाऱ्यांनी पुरावे तपासून त्यातल्या बऱ्याच दाव्यांना प्रत्यक्ष जंगलात पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं. मराठीतही या गोष्टी आल्या, आणि टाळ्या घेऊन गेल्या.

आता रत्नागिरी. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलेला लेख आजही या विषयाचं दार आहे. त्या देवरायांत आणि भोवतालच्या रानात उभं काय आहे? ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, जांभूळ, अंजनी, सुरंगी, रातांबा, आंबा, फणस. यांतल्या बहुतेकांच्या मुळांना बाहेरून वेष्टण नाही. त्यांची बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि तिथे झाडासारखी फांद्याफांद्यांची रचना करते. तिला आर्बस्क्युलर म्हणतात. संवहनी वनस्पतींपैकी, म्हणजे ज्यांत पाणी वाहणाऱ्या वाहिन्या आहेत त्यांपैकी, सुमारे सत्तर टक्के जाती याच बुरशीशी जोडलेल्या. बाह्य मायकोरायझाच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के. तरीही २०१९ मध्ये जगभरच्या जंगलांचा नकाशा तयार झाला तेव्हा झाडांच्या खोडांपैकी साठ टक्के खोडं त्या दोन टक्क्यांची निघाली, कारण उत्तरेकडच्या थंड जंगलांत पाइन, स्प्रूस, बर्च यांचीच गर्दी. संशोधनही तिथेच साचलं, यात आश्चर्य नाही.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला टोपल्यांनी येणाऱ्या अळंबीवरूनही हा फरक कळतो. युरोपात जंगलातून गोळा करून खाल्ल्या जाणाऱ्या नामांकित अळंब्या बहुतेक पाइन-ओकच्या मुळांवरच्या. इकडची आवडती अळंबी वारुळावर उगवते; ती वाळवीनं जमिनीखाली पोसलेल्या टर्मिटोमायसिस बुरशीची, झाडाच्या मुळाशी तिचं नातं नाही. बस्तरचा बोडा किंवा झारखंडचा रुगडा मात्र सालवृक्षाच्या मुळांवरचा, आणि सालवृक्ष हा बाह्य मायकोरायझाचा.

सह्याद्री अगदीच कोरा आहे असंही नाही. दक्षिणेला कोडगूतल्या उप्पंगळाच्या सदाहरित जंगलात, जिथे धूपाची आणि त्याच्या कुळातली झाडं आहेत, तिथे के. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास बाह्य मायकोरायझाच्या बुरशी नोंदवल्या. धूपाशी जोडलेली पिसोलिथस इंडिकस ही नवी जातही त्यातलीच. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात नीटमची वेल चढते, तिच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांच्या मुळांवर ही बुरशी १९५७ पासून माहीत आहे. शिवाय माणसानं आणलेली झाडं आहेत. भाट्ये किनाऱ्यावरचं सुरूचं बन आणि सड्यांवर लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया, दोन्ही ऑस्ट्रेलियाकडचे, दोन्ही हवेतलं नत्र बांधणारे: सुरूच्या गाठींत फ्रांकिया नावाचे जिवाणू, अकेशियाच्या गाठींत कडधान्यांसारखे रायझोबियम. या फ्रांकियाला नाव पडलं ते फ्रांक यांच्यावरूनच. अशा झाडांबरोबर बाह्य मायकोरायझाही राहू शकते. स्थानिक झाडं तोडून तिथे अकेशिया लावला म्हणजे केवळ वरची सावली बदलत नाही, जमिनीखालचा नत्राचा व्यवहारही बदलतो. वनीकरणाच्या आकड्यांत याला रकाना नसतो.

आर्बस्क्युलर बुरशीला फार काळ फक्त स्फुरदाची हमाल मानलं गेलं. तिचा जुना नातेवाईक कुजवणारा नव्हता, आणि २०१३ मध्ये रायझोफॅगस इररेग्युलॅरिसचा जनुकसंच वाचला तेव्हा वनस्पतींच्या पेशीभित्ती फोडणारी विकरं त्यात जवळजवळ सापडली नाहीत. मग ती पातेऱ्यातल्या नत्राला हात कसा लावणार? इंग्लंडमध्ये यॉर्कच्या अँजेला हॉज, कॅम्पबेल आणि फिटर यांचा २००१ मधला प्रयोग इथे कळीचा ठरला. कप्पेवाल्या कुंडीत एका बाजूला रोप, दुसऱ्या बाजूला नत्र आणि कार्बन दोन्हींवर खूण केलेल्या गवताच्या पात्याचा गोळा, मध्ये मुळं अडवणारी पण बुरशीचे तंतू जाऊ देणारी बारीक जाळी. तंतू गोळ्यात घुसले, गोळा लवकर कुजला, आणि नत्र रोपात पोचलं. कार्बनची खूण मात्र पोचली नाही. म्हणजे अमिनो आम्लं अख्खी गेली नव्हती. कुजवलं दुसऱ्या कुणीतरी, आणि सुटं झालेलं नत्र बुरशीनं तिथल्या तिथे उचललं.

चार वर्षांनी मंजुला गोविंदराजुलू आणि सहकाऱ्यांनी पुढची वाट उलगडली. बुरशी बाहेरचं नत्र आर्जिनिन या अमिनो आम्लात बांधते, तंतूंतून मुळाच्या आत नेते, तिथे ते मोडते आणि नत्र झाडाला देऊन कार्बन स्वतःकडे ठेवते. आणि ‘दुसरं कुणीतरी’ कोण, याचं एक सुरेख उत्तर २०२२ मध्ये प्रागहून आलं. रोझमोश यांच्या गटानं निर्जंतुक बशीत कायटिन ठेवलं. बुरशीला एकटीला त्याचा उपयोग होईना. पेनिबॅसिलस हे कायटिन फोडणारे जिवाणू सोडल्यावर नत्र हलू लागलं. त्यात पॉलिस्फॉन्डिलियम हा जिवाणू खाणारा सूक्ष्मजीव सोडल्यावर ते आणखी हललं. जिवाणू कायटिन खातात, हा जीव जिवाणूंना खाऊन जादाचं नत्र अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तंतू ते नायट्रेट होण्याआधी गाठतात.

रत्नागिरीला लागू पडणारं चित्र हेच, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. स्वीडनची बुरशी स्वतः प्रथिनं फोडते, तर इथली बुरशी फोडणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसते. थंड जमिनीत कुजणं वर्षानुवर्षं रेंगाळतं, म्हणून तिथे तोडफोड स्वतः करणं परवडतं. इथे उष्मा आणि ओल मिळाल्यावर कुजवणाऱ्यांचा तुटवडा नसतो, तुटवडा असतो तो वेळेचा.

कारण इथलं कुजणं वर्षभर सारखं चालत नाही. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यानंतर मेअखेरपर्यंत पातेरा कडकडीत वाळलेला, आणि मग मृगाचा पाऊस. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवलं की वाळलेली माती एकदम भिजली की कुजण्याला उसळी येते आणि थोड्या दिवसांत भरपूर नत्र सुटं होतं. भारतातला पुरावा बनारस हिंदू विद्यापीठातून आला. विंध्य भागातल्या कोरड्या जंगलात जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांना १९८९ मध्ये आढळलं की मातीतल्या सूक्ष्मजीवांचा साठा उन्हाळ्यात सर्वांत मोठा असतो आणि पावसाळ्यात घटतो. उन्हाळ्यात त्यांनी स्वतःत अडकवलेलं नत्र आणि स्फुरद झाडांना नेमकं वाढीच्या दिवसांत मिळतं. कोकणात या उसळीपाठोपाठ विंध्यापेक्षा कितीतरी पट पाऊस कोसळतो. काही मायक्रोमीटर जाडीचे, मुळापेक्षा कितीतरी स्वस्तात वाढणारे तंतू आधीच पातेऱ्यात पसरलेले असले, तर झाडाला हे नत्र वाहून जाण्याआधी मिळतं.

म्हणून बागायतदाराच्या दृष्टीनं पातेरा कुठे जातो याला महत्त्व आहे. हापूसच्या बागेत आळ्यातला पातेरा झाडून जाळला तर नत्र जातंच, तंतूंचं जाळंही उन्हात तापतं. आळ्यातच पसरून ठेवला तर दोन्ही टिकतात. कृषी सेवा केंद्रांत मिळणारी मायकोरायझाची, किंवा जुन्या नावानं व्हॅमची, पुडी कलम लावताना कामाची ठरू शकते. भरपूर रासायनिक स्फुरद आणि युरिया टाकलेल्या जमिनीत मात्र झाड बुरशीला साखर देणंच कमी करतं, आणि पुडीतली बुरशी उपाशी राहते. गोव्यात, गोवा विद्यापीठात बी. एफ. रॉड्रिग्ज यांनी याच लाल मातीतल्या आर्बस्क्युलर बुरशींचा संग्रह उभा केला आणि टी. मुथुकुमार यांच्यासह २००९ मध्ये त्या ओळखण्याची पुस्तिका काढली. बाहेरच्या कंपनीच्या एकाच सरधोपट जातीपेक्षा इथल्या मातीतल्या जाती कलमांवर वापरून पाहणं अधिक शहाणपणाचं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे आणि ठरावीक वर्षांनी लाकडासाठी तोडलं जातं. तोडलेलं रान आणि देवराई शेजारी-शेजारी असल्यामुळे इथे तुलना करायला जागा आयतीच मिळते. ऐनाच्या रोपांना नत्र-१५ घालून वाढवायचं, त्यांची पानं वाळवून दोन प्रकारच्या जाळीच्या पिशव्यांत भरायची, एक मुळं आणि तंतू दोन्ही आत येऊ देणारी आणि दुसरी फक्त तंतूंना वाट देणारी, आणि त्या देवराईत व तोडलेल्या रानात मृगाआधी पुरायच्या. शेजारच्या झाडांच्या कोवळ्या पानांत खूण केलेलं नत्र जूनच्या अखेरीला किती, आणि ऑगस्टमध्ये किती, हे मोजायचं. यॉर्कला जे कुंडीत झालं ते संगमेश्वर-देवरुखच्या उघड्या रानात करून पाहण्याचा हा प्रयोग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थेच्या आवाक्यातला आहे. खर्चाचा मोठा भाग समस्थानिक मोजण्याचा, आणि त्यासाठी लागणारी यंत्रं देशात आहेत.